पाचाचा पाढा

मोजमाप हा माझा धंदा. अमेरिकेतल्या ट्रॉय गावात गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत मी सत्तावीस वर्षं तेच केलं. समोर आलेला पार्ट मोजायचा, आणि केसभर जरी चुकला असला तरी परत पाठवायचा. लोक वैतागायचे. मॅनेजर म्हणायचे, एवढं चालतं. मी म्हणायचो, चालतं तर ड्रॉइंगवर तसं लिहून द्या. कुणी दिलं नाही. मग एकोणसाठाव्या वर्षी मला केक कापून घरी बसवलं.

हे आधी सांगायचं कारण, पुढचं ऐकून कुणी म्हणू नये की पोतदारांची मोजण्यात चूक झाली असेल. मोजण्यात चूक नाही. माझी चूक दुसरी आहे, तीही सांगणार आहे.

त्याच कंपनीत डेल टूलरूममध्ये होता. माझ्याहून सतरा वर्षांनी मोठा, बायको गेलेली, खुब्याचं हाड बदललेलं. सगळ्या कारखान्यात माझ्या आकड्यावर कधी वाद न घातलेला हा एकच माणूस. उत्तरेला मायो गावाच्या अलीकडे त्याची चाळीस एकर रानजमीन आहे आणि तिच्यात एक लाकडी केबिन. मला रायफल धरायला त्यानं शिकवलं. हरणाच्या शिकारीचा सीझन पंधरा नोव्हेंबरला सुरू होतो; त्याच्या आदल्या दिवशी ट्रॉयहून पावणेतीन तास गाडी हाणत मी तिथे जायचो. सलग नऊ वर्षं गेलो. मुलं लांब, नोकरी संपलेली. मंडळाच्या गणपतीत लोक विचारणार, "काय पोतदार, यंदा हरिण की वाघ?" आणि हसणार. त्या केबिनच्या ओसरीवर डेलबरोबर कॉफी घेत गप्प बसणं, एवढंच या देशात माझं स्वतःचं म्हणावं असं होतं. खोटं कशाला बोलू, मी त्यावर जगत होतो.

डेलचा नियम एकच. नेम चुकला तर चालेल. पण जनावर जखमी झालं तर रात्र होवो, बर्फ पडो, ते सापडेपर्यंत माग काढायचा आणि त्याला वेदनेतून सोडवायचं. जो जखमी करून सोडून येईल, त्यानं परत त्या जमिनीवर पाय ठेवायचा नाही. रॉय म्हणून त्याच्या बायकोचा सख्खा भाऊ होता. त्यानं एकदा तसं केलं. एकतीस वर्षं झाली, रॉय फाटकाच्या आत आलेला नाही.

तर, गेल्याच्या आधीच्या सीझनला ऐंशी यार्डांवरून मी एका हरणीवर गोळी झाडली आणि ती चुकली. डेल आला. मला तो मो म्हणतो. म्हणाला, "मो, लागली?" मी म्हणालो, "नाही रे, मिस. दुकानातली काडतुसं, भिकार माल." आणि तिथेच जाहीर केलं की पुढच्या वर्षी मी स्वतःची काडतुसं भरणार. आपला हात जगन्नाथ.

डेलनं माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, "बरं."

शिकारीच्या रायफलचं काडतूस म्हणजे चार वस्तू. पितळी पुंगळी, तिच्या बुडात ठिणगी देणारी टिकली, आत दारू, आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. बार झाला की पुंगळी आपल्याकडे राहते. ती धुवायची, प्रेसमध्ये दाबून परत मापात आणायची, नवी टिकली बसवायची, दारू तोलून भरायची आणि वर नवी गोळी दाबायची. प्रत्येक रायफलची आवड वेगळी असते. दारू किंचित कमी, किंचित जास्त, गोळी जराशी आत, जराशी बाहेर, असं करत करत तिला मानवेल ते माप शोधायचं. शोधायची रीत ठरलेली. शंभर यार्डांवर कागद लावायचा, एका मापाच्या पाच गोळ्या झाडायच्या आणि पाच भोकं किती जवळजवळ पडतात ते मोजायचं.

हे काम माझ्यासाठीच बनलं होतं. वडील बार्शीला सोनारकाम करायचे. ते काटा हातात घ्यायचे तेव्हा गिऱ्हाईकसुद्धा श्वास रोखून उभं राहायचं. मी तळघरात बाक मांडला, पारडी लावली, आणि हीटरची हवा लागू नये म्हणून जुन्या चादरीचा आडोसा केला. शुभा जिन्यावरून वाकून म्हणाली, "अहो, बायकोचं मंगळसूत्रसुद्धा एवढं तोलून घेतलं नव्हतंत!"

मे महिन्यातल्या एका शनिवारी डेलच्या जमिनीवर पहिल्या पाच झाडल्या. केबिनच्या पुढे मोकळी पट्टी आहे, तिच्या टोकाला मातीचा उंच बांध. पाच बार झाले. चालत कागदापाशी गेलो. चार भोकं एका नाण्याखाली झाकतील अशी पडली होती. पहिल्याच फटक्याला! मी खूश झालो.

पाचवं भोक नव्हतं.

कागदावर नव्हतं, लाकडी चौकटीवर नव्हतं, बांधाच्या मातीत ताजा खळगाही त्या चार गोळ्यांच्याच जागी. म्हटलं, एखादी गोळी दुसरीच्या भोकातून गेली असेल. होतं असं. भिंग लावून पाहिलं. चारही भोकं एकेकट्या गोळीची, स्वच्छ, गोल.

मापं बदलून त्या दिवशी आणखी दोनदा पाच-पाच झाडल्या. दोन्ही वेळा चार भोकं आणि पाचवीचा पत्ता नाही.

निघताना डेल ओसरीवर बसला होता. म्हणाला, "मो, आणखी काही?" मी म्हणालो, "काही नाही. जमेल हळूहळू."

जमतंय डोंबल! जून गेला. मी दारूचा ब्रँड बदलला, टिकल्या बदलल्या, पुंगळ्या नव्या घेतल्या, रायफलवरच्या दुर्बिणीचे स्क्रू काढून परत कसले. पाचवी गोळी नळीतच अडकते की काय म्हणून बार झाल्यावर दर वेळी नळी तपासली. मोकळी. मग नळीपुढे गोळीचा वेग मोजणारं यंत्र ठेवलं. पहिल्या चार गोळ्यांचा वेग आला, पाचवीचाही आला, अगदी त्यांच्याच बरोबरीचा. म्हणजे गोळी नळीतून निघत होती. निघत होती आणि पोचत नव्हती. फ्रीजच्या खोक्याचा पुठ्ठा उलगडून माणूसभर उंचीचं निशाण उभं केलं. चार भोकं मध्यभागी, बाकी पुठ्ठा कोरा करकरीत.

माझं डोकं कामातून गेलं. जेवताना मी वही घेऊन बसायचो. शुभा म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं." मी ताटावरून उठलो. अशा गोष्टींवरून उठणारा माणूस मी नव्हे, पण उठलो.

मुलगा ईशान जर्सी सिटीला असतो. त्याला फोनवर सगळं सांगितलं, यंत्राच्या आकड्यांसकट. तो अर्धवट ऐकत काहीतरी टाइप करत होता. म्हणाला, "बाबा, प्रॉब्लेम काडतुसांत नाही. इट्स यू." मी म्हणालो, "तुला काय अक्कल आहे रे यातली?" तो म्हणाला, "ओके, बाबा," आणि आईला फोन द्यायला सांगितला.

मग मी एक युक्ती केली. चारच झाडायच्या आणि थांबायचं. एका शनिवारी चार झाडल्या, चारही कागदावर. रायफल पेटीत घातली, घरी आलो. पुढच्या शनिवारी पहिला बार केला, तर भोक नाही. त्यानंतरच्या चार नीट. म्हणजे आठवडाभर थांबूनही हिशोब तुटला नव्हता. मी थांबलो तरी कुणीतरी मोजत होतं, आणि हे मला फार लागलं, कारण मोजणारा मी.

जागेचा दोष म्हणावा तर तोही काढला. ट्रॉयपासून अर्ध्या तासावर पैसे देऊन नेमबाजी करता येते अशी रेंज आहे. ऑगस्टच्या रविवारी सकाळी तिथे गेलो. शेजारच्या बाकावर एक बाप आपल्या मुलीला शिकवत होता, मागे पार्किंगमध्ये कुणीतरी हॉट डॉग भाजत होतं. चार बार केले, ठीक. पाचवा केला. रेंजवर कानावर जाड मफ असतात, त्यांतून बाहेरचं फारसं ऐकू येत नाही. तरी मला ऐकू आलं.

धप्.

ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा आवाज. समोरून नाही. मागून, पार्किंगच्या बाजूनं, ऐंशी एक यार्डांवरून. मी वळून पाहिलं. हॉट डॉगवाला सॉस शोधत होता. कुणीच वळलं नव्हतं.

तो आवाज माझ्या ओळखीचा होता. आता खरं सांगतो.

त्या हरणीला गोळी लागली होती. दुपारचे चार वाजत आले होते, पावसात बर्फ मिसळून पडत होता, बोटं बधिर झालेली. मी घाई केली. बार झाला, आणि पाठोपाठ तो धप् असा आवाज आला. तिनं पाठीची कमान केली, तशीच वाकून दोन पावलं चालली आणि मग ओढ्याकडे पळाली. पाठीची कमान केली म्हणजे पोटात लागली. डेलनं पहिल्या वर्षीच शिकवलं होतं. पोटात लागलेलं जनावर लगेच मरत नाही. चार-सहा तास थांबायचं, मग कंदील घेऊन माग काढायचा. आणि ओढ्याकडे सगळी दलदल, गुडघाभर काळं पाणी.

मी मचाणावरून उतरून त्या जागी गेलो. पानांवर रक्त होतं, काळपट. मी तिथे उभा राहिलो. थंडी होती, भीती होती, आणि सगळ्यांत जास्त म्हणजे लाज होती की नऊ वर्षं शिकून मी हे केलं. लांबून डेलच्या गाडीचा आवाज येत होता. मी बुटानं पानं सरकवली आणि रक्त झाकलं. दोनदा सरकवली, नीट झाकलं जावं म्हणून.

मग डेल आला आणि मी म्हणालो, मिस.

तेव्हा सांगितलं असतं तर दोघांनी मिळून शोधली असती. दुसऱ्या दिवशी सांगितलं असतं तरी कदाचित त्यानं ऐकून घेतलं असतं. पण एकदा मिस म्हटल्यावर मला काडतुसं वाईट ठरवणं भाग होतं. काडतुसं वाईट म्हटल्यावर ती स्वतः भरणं भाग होतं. आता रॉयसारखं फाटकाबाहेर काढून घ्यायची माझी तयारी नव्हती. मी ठरवलं, काही झालं तरी बोलायचं नाही. एकदा ही पाचवी गोळी कागदावर आणली की संपलं.

सप्टेंबरात शेवटचा उपाय केला. पन्नास गोळ्यांचा नवा बॉक्स उघडला आणि प्रत्येक गोळीच्या बुडावर आकडा कोरला. वडिलांची कोरणी माझ्याकडे आहे, तांदळाएवढ्या जागेत नाव कोरायची. एक ते पन्नास, मराठी आकडे. डेलला कळलं असतं तर तो ओरडला असता, गोळीच्या बुडाला धक्का लावू नये असं टूलरूमचा पोऱ्यासुद्धा सांगेल. पण मला नेमकेपणा नको होता. कुठली गोळी कुठे जाते ते हवं होतं.

क्रमानं भरल्या, शेवटच्या पाच राखून क्रमानं झाडल्या, आणि मग बांध चाळायला घेतला. शुभाची गव्हाची चाळण नेली होती. त्यावरून घरात झालं ते वेगळंच. गुडघ्यांवर बसून पाच-सहा शनिवार मी ती माती चाळली. गोळ्या सापडल्या, तोंडं चेपलेली, पण बुडं शाबूत. एक, दोन, चार. सहा, सात, आठ, नऊ. अकरा, तेरा, चौदा. सगळ्या नाही मिळाल्या, पण मिळाल्या त्यांत पाचाच्या पाढ्यातली एकही नव्हती. पाच नाही, दहा नाही, पंधरा नाही. आवाज मात्र दर पाचव्याला येत होता, मागून, केबिनच्या पलीकडून. पलीकडे ओढा आहे.

डेल ओसरीवरून बघत असायचा. संध्याकाळी मी गाडीत बसताना काठी टेकत जवळ यायचा आणि विचारायचा, "मो, आणखी काही?"

दर वेळी मी म्हणायचो, "नाही. काही नाही."

चौदा नोव्हेंबरला दुपारी बारा वाजता पोचलो. दुसऱ्या दिवशी सीझन. गाडीत शुभानं डबा दिला होता, काळ्या तिखटातलं मटण. डेलला ते फार आवडायचं. दर वर्षी घाम पुसत खायचा आणि म्हणायचा, तुझी बायको मला मारणार. या खेपेला त्यानं डबा हातात घेतला आणि न उघडता बाजूला ठेवला.

शेवटच्या पाच राहिल्या होत्या. शेहेचाळीस ते पन्नास. हवा स्तब्ध होती, ऊन पडलेलं, बांध स्वच्छ दिसत होता. मी बाकावर बसलो, रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवली आणि सावकाश एकेक बार केला. शेहेचाळीस, सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास. दुर्बिणीतून चारही भोकं दिसत होती, एकमेकांना चिकटलेली. पन्नासावीला मी श्वास अर्धा सोडला, थांबलो आणि चाप दाबला.

धप्.

कागद तसाच.

मी टोपी काढून जमिनीवर आपटली. बार्शीच्या सराफकट्ट्यात ऐकलेल्या सगळ्या शिव्या मराठीत दिल्या. कोणाला, माहीत नाही. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. साठीचा माणूस, पण आलं.

डेल ओसरीवरून उतरला. खाली यायला त्याला वेळ लागला. म्हणाला, "दे इकडे."

त्याच मापानं भरलेली पाच जास्तीची काडतुसं डब्यात होती, बिनआकड्याची. तो माझ्या जागी बसला, दुखरा पाय बाजूला लांब केला आणि पाच बार केले. मग आम्ही दोघं कागदापर्यंत चालत गेलो.

पाच भोकं होती. मी तीनदा मोजली. पाच.

डेल कागदाकडे बघत म्हणाला, "रायफल चांगली आहे. काडतुसंही चांगली आहेत. इतकी चांगली मी कधी भरली नाहीत." तो इंग्रजीतच बोलला, मी आपल्या शब्दांत सांगतोय. मग तो माझ्याकडे वळला. "मो, आणखी काही?"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. सहा महिने तो हाच प्रश्न विचारत होता आणि मी ती निरोप घेण्याची रीत समजत होतो.

मी सांगितलं. हरणी, कमान, रक्त, बूट. पानं दोनदा सरकवली तेही सांगितलं. सांगून झाल्यावर मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही, कागदाकडेच पाहत राहिलो.

"एप्रिलमध्ये बर्फ उतरल्यावर मला ती सापडली," डेल म्हणाला. "ओढ्याच्या काठी, सिडारच्या झाडाखाली. कायोटी कोल्ह्यांनी बरंच नेलं होतं. तू सांगशील म्हणून थांबलो होतो."

"सॉरी, डेल."

"ये."

केबिनमध्ये त्यानं सिंकखालून कॉफीचा जुना डबा काढला आणि टेबलावर उपडा केला. गोळ्या घरंगळल्या. सगळ्यांची तोंडं फुलासारखी उमललेली होती. मातीत घुसलेली गोळी चेपते. मांसात घुसलेली अशी उमलते.

"ही एप्रिलमधली," त्यानं एक करड्या शिशाची बाजूला केली. दुकानातल्या काडतुसाची. "तिच्या फासळ्यांच्या आत पडली होती. मग मेअखेरीला गेलो तर आणखी तीन. मग वाढतच गेल्या. सगळ्या तिथेच, फासळ्यांच्या आत." त्यानं उपडा डबा सरळ केला. "मला वाटलं तूच आणून ठेवतोस. तुमच्यात मेलेल्यासाठी काही करतात ना, जेवण ठेवता तुम्ही कावळ्यांना, तू सांगितलं होतंस. म्हटलं, तसलंच काही असेल. म्हणून विचारत नव्हतो."

मी म्हणालो, "मी त्या ओढ्याकडे गेलोच नाही, डेल. त्या दिवसानंतर एकदाही नाही."

"सप्टेंबरपासूनच्यांवर ओरखडे आहेत," तो म्हणाला. "मला वाचता येत नाहीत. तू बघ."

मी चष्मा लावला. गोळ्या उलट्या करून बुडं वर केली आणि एका रांगेत लावत गेलो. रांग सरळ लागली. माझं अक्षर होतं. शाळेत गुरुजींनी म्हणून घेतलेला पाढा तोंडातून आपोआप निघत होता. पाच एके पाच. पाच दुणे दहा. पाच त्रिक पंधरा. पाच चोक वीस. डेल माझ्या तोंडाकडे बघत होता. पाच नव्वे पंचेचाळीसला रांग संपली.

"किती?" डेलनं विचारलं.

"नऊ. पंचेचाळीसपर्यंत."

"म्हणजे सगळ्या?"

"नाही. पन्नास राहिली."

"ती कधी झाडलीस?"

मी खिडकीतून बाहेरच्या बाकाकडे पाहिलं. त्याच्या लक्षात आलं. पाऊण तास झाला नव्हता.

त्यानं खुंटीवरचं जाकीट घेतलं. दारात थांबून म्हणाला, "नियम तुला माहीत आहे."

"माहीत आहे."

"सामान भरून ठेव गाडीत. मग तिकडे जाऊ."

मी सामान भरलं. रायफल, वही, चाळण. शुभाचा डबा त्याच्या टेबलावर तसाच राहू दिला.

ओढा केबिनच्या मागे आहे, बांधाच्या बरोबर उलट दिशेला. दलदलीतून डेलनं फळ्या टाकल्या होत्या. चालत सात-आठ मिनिटं लागली. एवढंसं अंतर. त्या दिवशी मी घाबरलो ते एवढ्याशा अंतराला.

सिडारखाली ती होती. एका बाजूच्या फासळ्या, कंबरेचं हाड, डोक्याचा काही भाग. ऊन-पावसानं पांढरी झालेली, ठणठणीत कोरडी हाडं. फासळ्यांच्या आत पानं साचली होती. ती पानं कुणीतरी एका बाजूनं सरकवून वर आणल्यासारखी दिसत होती.

डेल काठीवर रेलला. "तू काढ," तो म्हणाला.

मी गुडघ्यांवर बसलो. वरची पानं कोरडी होती. खालची ओली होती. पानांवरचं बोटांना लागलं ते काळपट होतं, आणि ताजं होतं.

गोळी हाताला लागली. मी ती जाकिटाच्या बाहीला पुसली आणि बूड वर केलं.

पन्नास.

"गरम आहे," मी म्हणालो.

डेलनं हात पुढे केला. मी गोळी त्याच्या तळव्यावर ठेवली. त्यानं मूठ मिटली, क्षणभर धरली आणि लगेच मला परत दिली.

"ही मी डब्यात ठेवणार नाही," तो म्हणाला. "ही तू ने."

मी ती जाकिटाच्या खिशात टाकली. फाटकापर्यंत डेल माझ्याबरोबर आला नाही. ओसरीवरच उभा होता. मी हात केला, त्यानंही केला. रस्त्याला लागून मी बराच वेळ गाडी बाजूला थांबवली; मग आरशात पाहिलं तर तो काठी टेकत फाटक लावत होता.

महिन्याभरात रायफल विकली. प्रेस, पारडी, उरलेली दारू, सगळं एका माणसाला देऊन टाकलं. शुभा एकदा म्हणाली, "डेलभाऊजींना फोन करा की." मी म्हणालो, करतो. केला नाही. शिकारीचं ते केशरी जाकीट गॅरेजमध्ये खिळ्याला टांगलं होतं, ते हिवाळाभर तिथेच राहिलं. यंदा जानेवारीत ट्रॉयमध्ये पारा उणे वीसपर्यंत उतरला. गॅरेजमध्ये पाण्याच्या बाटल्या फुटल्या, रंगाचे डबे गोठले.

गेल्या शनिवारी शुभानं गॅरेजची आवराआवर काढली. मी वर चहा टाकत होतो. खालून तिची हाक आली.

"अहो, या जाकिटाच्या खिशात काय ठेवलंय? हाताला चटका बसला."